मृत्यूच्या दाखल्यावर 'ऊन' कोण लिहिणार?

नोंदवही

मृत्यूनोंदणीच्या टेबलाशी बरीच वर्षं काढली, आता निवृत्त आहे. त्या कामाने माणूस थोडा विचित्र होतो. बाकीच्यांना उन्हाळा सुट्टीमुळे आठवतो, मला रजिस्टरच्या जाडीमुळे. कडक उन्हाचे चार-सहा दिवस लागोपाठ आले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून टेबलासमोरची रांग लांबायची, आठवडाभर तशीच राहायची आणि मग ओसरायची. कारणाच्या रकान्यात मात्र नेहमीचंच. हृदयक्रिया बंद पडली. मूत्रपिंड निकामी झालं. वार्धक्य. 'उष्माघात' हा शब्द एवढ्या वर्षांत मी बोटांवर मोजण्याइतक्या वेळा लिहिला असेल, आणि तोही उन्हात राबताना कोसळलेल्यांच्याच बाबतीत. घरात, अंथरुणात गेलेल्या म्हातारीच्या नावापुढे कधीच नाही.

कोणी खोटं लिहीत होतं असं नाही. दाखल्याचा जो आंतरराष्ट्रीय नमुना आहे, त्यात डॉक्टर मरणाची साखळी लिहितो. वर तात्काळ कारण, त्याखाली त्याआधीचं, सगळ्यांत खाली मूळ कारण. हृदय बंद पडलं हे खरंच असतं. पण तो माणूस मागच्या तीन रात्री कुठल्या खोलीत झोपत होता, हे डॉक्टरला कुठून दिसणार? रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत नैसर्गिक अतिउष्णतेला 'एक्स ३०' असा स्वतंत्र संकेतांक आहे. संकेतांक आहे, तो लावायला कोणी नाही.

२००३ च्या ऑगस्टमध्ये युरोपात उष्णतेची लाट आली तेव्हा पॅरिसमधली शवागारं भरली आणि जवळच्या रूंजिस घाऊक बाजारातलं शीतकोठार मृतदेहांसाठी वापरावं लागलं. एकट्या फ्रान्समध्ये सुमारे १५,००० आणि युरोपभर ७०,००० हून जास्त माणसं त्या उन्हाळ्यात 'जास्तीची' गेली. हे आकडे दाखले वाचून आलेले नाहीत. एरवी त्या दिवसांत किती जातात आणि यंदा किती गेले, अशी ती साधी वजाबाकी आहे.

म्हणून हा चर्चेचा धागा. हवा, पाणी, तापमान यांनी माणसं आजारी पडतात हे सगळेच म्हणतात. पण एका माणसापुरतं ते कधी दिसतं का? की ते फक्त बेरीज-वजाबाकीतच दिसतं? डॉक्टर, आकडेवाले, कीटकवाले जे कोणी इथे असतील त्यांनी जरूर लिहा.


निंबोणी

वाखूसा (वाचनखूण साठवली). रजिस्टरच्या जाडीवरून ऋतू ओळखणारा माणूस पहिल्यांदाच पाहिला.


शंकासुर

लेख चांगला, पण नेहमीची शंका काढतोच. आजकाल काहीही झालं की हवामानाच्या नावावर खपवायचं अशी पद्धत पडली आहे. जी म्हातारी माणसं त्या आठवड्यात गेली ती तशीही महिनाभरात गेलीच असती. ऊन निमित्त. शिवाय थंडीने उन्हापेक्षा कितीतरी जास्त माणसं मरतात असं मी वाचलंय. मग जग तापलं तर एकूण मृत्यू कमीच व्हायला हवेत ना?

नोंदवहीसाहेब, राग मानू नका. नावच शंकासुर घेतलंय.


गणिती भुंगा

शंकासुर, शंका रास्त आहेत. एकेक घेऊ.

पहिली शंका इतकी जुनी आहे की साथरोगशास्त्रात तिला 'हार्वेस्टिंग' असं नावच आहे. पिकलेलं आधी कापलं गेलं, एवढंच. पण तसं असेल तर लाटेनंतरच्या आठवड्यांत मृत्यू नेहमीपेक्षा कमी व्हायला हवेत, कारण जाणारे आधीच गेलेले. फ्रान्समध्ये हे मुद्दाम तपासलं गेलं. थोडीशी घट दिसली, पण ऑगस्टचा खड्डा भरून काढेल इतकी अजिबात नाही. म्हणजे गेलेल्यांपैकी बहुतेकांपुढे अजून आयुष्य होतं.

दुसरी शंका अर्धी बरोबर. २०२१ साली जगभरच्या आकडेवारीचा एक मोठा अभ्यास आला. त्यात एकूण मृत्यूंपैकी ९.४ टक्के प्रतिकूल तापमानाशी जोडलेले निघाले, पैकी ८.५ टक्के थंडीशी आणि ०.९ टक्के उष्णतेशी. हे आकडे लपवण्यात अर्थ नाही. पण तापमान आणि मृत्यूंचा आलेख नीट बघा. थंडीची बाजू लांब आणि सपाट आहे, साध्या गारठ्याच्या कितीतरी दिवसांवर पसरलेली, आणि त्यात घर कसं आहे, ऊब परवडते का, हिवाळी फ्लूची साथ कशी होती, हे सगळं मिसळलेलं. उष्णतेची बाजू कड्यासारखी. दोन अंश वाढले की मृत्यू एकदम चढतात. हिवाळे थोडे सौम्य होऊन सपाट बाजूला जे वाचेल, ते कड्याच्या बाजूला जाईल. कुठे, किती, हे त्या त्या प्रदेशावर आहे. जिथे आधीच ऊन जास्त आणि घरं कच्ची, तिथे हिशोब तोट्याचाच.

आणि 'हवामानाच्या नावावर' म्हणता, तर तेही मोजतात. ४३ देशांतल्या ७३२ ठिकाणांचा १९९१ ते २०१८ चा अभ्यास आहे. उन्हाळ्यातल्या उष्णतेच्या मृत्यूंपैकी सुमारे ३७ टक्के माणसाने घडवलेल्या तापमानवाढीच्या वाट्याला येतात. राहिलेले ६३ टक्के एरवीच्या उन्हाचे. सगळं खपवलेलं नाही, बघा.

जुना दाखला हवा असेल तर लंडन, डिसेंबर १९५२. पाच दिवस कोळशाच्या धुराचं धुकं शहरावर बसून राहिलं. सुरुवातीचा अंदाज ४,००० मृत्यूंचा. पण मृत्यूंचं प्रमाण पुढचे काही महिने चढेच राहिले आणि सरकारी खात्याने ते इन्फ्लुएन्झाच्या नावावर टाकले. जवळपास पन्नास वर्षांनी आकडे पुन्हा तपासले तेव्हा धुक्याचे बळी १२,००० च्या घरात निघाले. नोंदवही म्हणतात तेच, दाखल्यावर वेगळंच नाव होतं.


रात्रपाळी

आपत्कालीन विभागात काम करते. टंकायचा कंटाळा आहे, तरी लिहिते, कारण 'ऊन निमित्त' हे वाक्य मी नातेवाइकांकडूनही ऐकते.

शरीराचं आतलं तापमान ३७ च्या आसपास ठेवायला आपल्याकडे मुख्यतः दोन उपाय आहेत. एक, रक्त कातडीकडे वळवायचं. कडक उष्णतेत मिनिटाला ६ ते ८ लिटरपर्यंत रक्त कातडीकडे जाऊ शकतं. म्हणजे माणूस नुसता खुर्चीत बसलेला असतो आणि हृदय मात्र जिने चढत असतं. तरुण हृदय ते दिवसभर करेल. आधीच अशक्त असलेलं हृदय दोन दिवस करेल, तिसऱ्या रात्री थांबेल. दाखल्यावर 'हृदयविकार' येतो तो असा.

दुसरा उपाय घाम. एक लिटर घाम अंगावर पूर्ण सुकला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. यातला महत्त्वाचा शब्द 'सुकला'. हवा दमट असेल तर घाम नुसता ओघळतो, त्याने काही थंड होत नाही, उलट पाणी आणि मीठ मात्र जातं. म्हणून नुसतं तापमान बघून उपयोग नाही. तापमापकाच्या फुग्याभोवती ओलं फडकं गुंडाळून जे तापमान येतं ते बघावं लागतं. ते ३५ झालं की सावलीत, वाऱ्यात, भरपूर पाणी प्यालेला धडधाकट माणूसही काही तासांपेक्षा जास्त टिकणार नाही, असं २०१० च्या एका शोधनिबंधात मांडलं गेलं. नंतर प्रयोगशाळेत तरुण निरोगी स्वयंसेवकांवर प्रत्यक्ष मोजलं तेव्हा दमट हवेत ही मर्यादा ३१ च्या आसपासच निघाली. म्हाताऱ्यांची याहून खाली.

काही गोष्टी रुग्णांना सांगून सांगून तोंड दुखतं, इथेही सांगते. खोलीतली हवा ४० अंशांपर्यंत असेल तर पंखा ठीक. त्यापुढे तो अंगावर गरम हवाच फेकतो, मग अंग ओलं करून बसा. लघवी वाढवणारी रक्तदाबाची औषधं, मनोविकारांवरची काही औषधं, उष्णतेत शरीराचा तोल बिघडवतात. औषध स्वतःच्या मनाने बंद मात्र करू नका, उन्हाळ्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि उन्हाने तापलेला माणूस असंबद्ध बोलायला लागला तर तो उष्माघात समजायचा. आधी थंड करा, मग हलवा. गाडी शोधण्यात गेलेली वीस मिनिटं मेंदू परत देत नाही. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका.

सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे रात्र. दिवसाच्या कमाल तापमानाची बातमी होते, रात्रीच्या किमानाची होत नाही. शरीराला रात्री सावरायला मिळालं तर ते दुसरा दिवस काढतं. सिमेंटची भिंत आणि गच्ची दिवसभर प्यालेली उष्णता रात्री खोलीत ओकत राहतात. नोंदवहींच्या टेबलासमोरची रांग तिसऱ्या दिवशी का वाढायची, याचं उत्तर त्या तीन रात्रींत आहे.

आता कबुली. 'एक्स ३०' मी स्वतः किती वेळा लिहिलाय? जवळपास नाहीच. घरून मृतावस्थेत आणलेल्या माणसाचं आतलं तापमान वेळेत कोणी घेतलेलं नसतं, आणि पुराव्याशिवाय लिहायचा हात होत नाही.


निंबोणी

डॉक्टर ताई, हृदय जिने चढत असतं हे वाचून जिन्यातच थांबले.


पाचोळा

उष्णतेवरच सगळे बोलताय म्हणून झाडांची एक गोष्ट.

अमेरिकेत २००२ साली मिशिगनमध्ये एक हिरवा चमकदार भुंगेरा सापडला. आशियातून लाकडाबरोबर आलेला. अॅश जातीच्या झाडांच्या सालीखाली त्याच्या अळ्या बोगदे करतात आणि झाड दोन-चार वर्षांत वाळतं. रस्त्यांच्या दुतर्फा लावलेल्या, घरांवर सावली धरणाऱ्या झाडांसकट दहा कोटींच्या घरात झाडं गेली. एका वनसंशोधकाच्या गटाने १५ राज्यांतले मृत्यूंचे आकडे काढले आणि भुंगेरा ज्या वर्षी जिथे पोचला त्याच्याशी ताडून पाहिले. भुंगेरा पोचला तिथे हृदयरोगाचे १५,०८० आणि श्वसनरोगाचे ६,११३ मृत्यू जास्तीचे निघाले. २०१३ साली हे प्रसिद्ध झालं.

यातल्या एकाच्याही दाखल्यावर 'भुंगेरा' नाही, हे उघडच आहे.


शंकासुर

हे मात्र अती झालं. कोंबडा आरवला म्हणून सूर्य उगवला यातलाच प्रकार. झाडं कमी असतात तिथे गरिबी जास्त असते, गरिबी जास्त तिथे आजार जास्त. झाडांचा संबंध काय?


गणिती भुंगा

बरोबर हाच आक्षेप असतो, आणि म्हणूनच भुंगेऱ्याचा अभ्यास मोलाचा. एरवी गरीब वस्ती आणि श्रीमंत वस्ती अशी तुलना केली तर गोंधळ होणारच. पण भुंगेरा पगार विचारून झाड निवडत नाही. त्याला अॅश दिसलं की तो खातो. तीच वस्ती, तीच माणसं, तोच पगार, फक्त झाडं गेली. उलट त्या अभ्यासात सुखवस्तू भागांत परिणाम जास्त दिसला, बहुधा मुळात झाडं तिथेच जास्त होती म्हणून. एका अभ्यासाने सिद्ध झालं असं मीही म्हणणार नाही, पण कोंबड्याची उपमा इथे बसत नाही.

असे 'आपोआप घडलेले प्रयोग' शोधणं हाच या शास्त्राचा अर्धा धंदा आहे. माझा सगळ्यांत आवडता अमेरिकेतल्या युटा खोऱ्यातला. तिथला पोलाद कारखाना कामगार-वादात ऑगस्ट १९८६ ला बंद पडला आणि सप्टेंबर १९८७ ला नव्या मालकाखाली पुन्हा सुरू झाला. खोऱ्यातल्या बहुतेकांना धूम्रपान धर्मानेच वर्ज्य, त्यामुळे तोही घोळ नाही. कारखाना चालू असलेल्या हिवाळ्यांत दम्याने आणि श्वासनलिकेच्या सुजेने रुग्णालयात भरती होणारी लहान मुलं, बंद असलेल्या हिवाळ्यापेक्षा दोन ते तीन पट. एक अर्थशास्त्रज्ञ गणिताने हे शोधून काढतो आणि पुढे त्याच प्रकारच्या कामातून हवेतल्या सूक्ष्म कणांची, म्हणजे पीएम २.५ ची, मानकं ठरतात. जागतिक आरोग्य संघटनेने या कणांची वार्षिक मर्यादा २०२१ साली घनमीटरमागे १० मायक्रोग्रॅमवरून ५ वर आणली. कमी प्रदूषणातही अपाय दिसत राहिला म्हणून.


शंकासुर

युटाचं पटलं. भुंगेऱ्याचं अर्धं पटलं.


दमेकरी

तीस वर्षांचा दमा आहे, त्यामुळे या विषयावर बोलायचा हक्क राखून ठेवतो.

नोंदवहींच्या प्रश्नाचं एक ठोस उत्तर मला माहीत आहे. लंडनमध्ये एका वाहत्या रस्त्याजवळ राहणारी नऊ वर्षांची मुलगी २०१३ च्या फेब्रुवारीत दम्याने गेली. त्याआधी तीन वर्षांत तिच्या रुग्णालयाच्या खेपा चालूच होत्या. पहिल्या चौकशीत कारण लिहिलं गेलं 'तीव्र श्वसननिकामी'. आईने सोडलं नाही. घराजवळच्या प्रदूषणमापकाच्या नोंदी आणि मुलीच्या झटक्यांच्या तारखा समोरासमोर ठेवल्या गेल्या, पहिला निष्कर्ष रद्द झाला आणि डिसेंबर २०२० मध्ये दुसऱ्या चौकशीत मृत्यूच्या कारणांत हवेचं प्रदूषण लिहिलं गेलं. ब्रिटनमध्ये असं पहिल्यांदा घडलं. एका माणसापुरतं दिसतं का, तर दिसतं. त्यासाठी जवळ मापक हवा, आणि हट्टी आई.

दुसरी गोष्ट मेलबर्नची, २१ नोव्हेंबर २०१६. दिवसभर उष्ण वारा, हवेत रायगवताचे परागकण, आणि संध्याकाळी वादळ. एरवी परागकण मोठे असतात, नाकातच अडतात. वादळात ओल लागून ते फुटले आणि बारीक तुकडे थेट फुप्फुसात. काही तासांत हजारो लोक रुग्णालयांत, १० मृत्यू. त्यांतल्या अनेकांना आपल्याला दमा आहे हेच माहीत नव्हतं, फक्त शिंकांचा त्रास होता. त्यामुळे 'मला काही होत नाही' म्हणणाऱ्या शिंकेकऱ्यांनो, जपून.

अवांतर: माझ्या फवाऱ्याच्या इनहेलरमधला वायू कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून जास्त उष्णता धरतो. म्हणजे मी श्वास घ्यायला हवा तापवतो आणि तापलेल्या हवेने मला पुन्हा श्वास लागतो. कोरड्या पुडीचे इनहेलर असतात, त्यांत हा वायू नसतो. मी डॉक्टरांना विचारून बदलला. ज्यांना तो जोराने ओढता येत नाही, म्हणजे लहान मुलं, फार वृद्ध, त्यांनी आहे तोच वापरावा. पृथ्वीसाठी दम कोंडून घ्यायचा नाही.


रात्रपाळी

दमेकरी, शेवटचं वाक्य ठळक अक्षरांत हवं होतं. इनहेलर सोडून भरती झालेला रुग्ण प्रत्येक हिशोबाने जास्त महाग पडतो. बाकी दोष एकट्या इनहेलरचा नाही. भुलीच्या वायूंपैकी डेस्फ्लुरेन तर कार्बन डायऑक्साइडच्या दोन हजार पटींहून वरचा. जगाच्या एकूण उत्सर्जनात आरोग्यसेवेचा वाटा साधारण ४.४ टक्के धरतात. ज्यांना बरं करतो त्यांना आजारी पाडण्यात आमचाही हात आहे.


डासपुराण

माझा विषय आला नाही अजून, आश्चर्य आहे.

लोकांची समजूत अशी की गरम झालं की डास वाढतात आणि आजार वाढतात. इतकं सरळ नाही. डासाने रोग्याचं रक्त प्यायल्यावर विषाणू त्याच्या पोटातून लाळेपर्यंत पोचायला वेळ लागतो. डेंगीत २५ ते २८ अंशांना साधारण ८ ते १२ दिवस. डास बिचारा जगतोच काही आठवडे. गारव्यात विषाणू तयार होईपर्यंत डासच मरतो. थोडं तापलं की विषाणू लवकर तयार होतो आणि डासाकडे चावायला दिवस उरतात. फार तापलं तर डासच टिकत नाही. म्हणून आलेख टेकडीसारखा. डेंगीचा कळस २९ अंशांच्या आसपास, मलेरियाचा २५ च्या.

यातून गंमत अशी होते की तापमान वाढलं तर एखाद्या उष्ण मैदानात मलेरिया कमी होऊन डेंगी वाढू शकते आणि मलेरिया डोंगर चढू लागतो. इथिओपिया आणि कोलंबियाच्या उंच भागांत उष्ण वर्षी तो वर सरकतो, थंड वर्षी खाली उतरतो, हे नोंदींवरून दाखवलं गेलंय. डेंगीचं म्हणाल तर २०२४ साली जगभरात १.४ कोटींहून जास्त रुग्ण नोंदले गेले, आजवरचा उच्चांक. त्यात वाढती शहरं आणि विमानप्रवास यांचाही मोठा वाटा, सगळं तापमानावर ढकलू नका, नाहीतर शंकासुर येतील.

आणि पाऊस जास्त म्हणजे डेंगी जास्त हेही अर्धसत्य. दुष्काळात लोक पिंपात पाणी साठवतात. डेंगी पसरवणाऱ्या एडिस डासाला डबकं नकोच असतं, झाकण नसलेलं स्वच्छ पिंप हवं असतं.


कात्रणवही

कॉलऱ्याची भर घालतो. कॉलऱ्याचे जिवाणू समुद्राच्या आणि खाडीच्या पाण्यात प्लवकांना, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांना, चिकटून राहतात. पाणी कोमट झालं, प्लवक फोफावले की जिवाणूही. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रीटा कोलवेल यांनी उभी हयात यावर घालवली. पण त्यांची मला भावलेली गोष्ट उपायाची आहे. जिवाणू गाळण्याइतकं बारीक कापड नसतं, पण जिवाणू ज्याला चिकटतो तो प्लवक मोठा असतो. बांगलादेशातल्या गावांत बायकांनी जुन्या साडीच्या चार किंवा जास्त घड्या घालून पाणी गाळलं आणि कॉलरा ४८ टक्क्यांनी कमी झाला. २००३ चा अभ्यास. जुनी साडी नव्या साडीपेक्षा चांगली, कारण धुऊन धुऊन धागे पिंजतात आणि जाळी बारीक होते.

अवांतर: वेळ असेल तर गिधाडांवरही लिहीन.


पाचोळा

लिहाच. नाहीतर मी लिहितो.


कात्रणवही

थोडक्यात. १९९० च्या दशकात भारतात गुरांना डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक सर्रास दिलं जाऊ लागलं. मेलेल्या गुराच्या मांसातून ते गिधाडाच्या पोटात गेलं की त्याची मूत्रपिंडं बंद. काही वर्षांत काही जातींची ९५ टक्क्यांहून जास्त गिधाडं संपली. यामागे ते औषध आहे हे २००४ साली समजलं, २००६ साली जनावरांसाठी ते बंद झालं. मधल्या काळात मेलेली गुरं उघड्यावर सडत राहिली, कुत्री वाढली, पाण्यात घाण गेली. दोन अर्थशास्त्रज्ञांनी गिधाडं पूर्वी जिथे जास्त होती आणि जिथे मुळातच कमी होती अशा जिल्ह्यांची तुलना केली. २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख माणसं जास्तीची गेली, असा त्यांचा २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे.

पाच लाख. आणि आपल्यापैकी कितीजणांना गिधाडं नाहीशी झाल्याचं तेव्हा कळलंही होतं?


वाटसरू

सगळं वाचलं. भुंगेरा, गिधाड, डास, प्लवक. झोप उडाली. पण करायचं काय ते कोणीच सांगत नाही. 'झाडे लावा' सोडून.


नोंदवही

वाटसरू, प्रश्न बरोबर आहे. मला जे दिसतं ते सांगतो.

अहमदाबादमध्ये मे २०१० मध्ये पारा ४६.८ वर गेला. नंतर वजाबाकी केली तेव्हा त्या एका महिन्यात १,३४४ मृत्यू जास्तीचे निघाले. त्या आकड्याने पालिका हलली आणि २०१३ साली उष्णता कृती आराखडा आला, दक्षिण आशियातला पहिला. त्यात डोळे दिपवणारं काहीच नाही. अंदाज आला की लोकांना आधी कळवायचं, दवाखान्यांनी तयारी ठेवायची, पाण्याची आणि सावलीची सोय करायची. नंतरच्या पाहणीत वर्षाला हजाराहून जास्त मृत्यू टळले असा हिशोब निघाला. माझ्या मते आराखड्याइतकीच ती पहिली वजाबाकी महत्त्वाची. मोजलं नसतं तर ते १,३४४ हृदयविकार, वार्धक्य असेच राहिले असते.

त्याच शहरातल्या एका रुग्णालयाची गोष्ट तर मी सगळ्यांना सांगत असतो. उन्हाळ्यात नवजात बाळं तापून भरती होत होती. प्रसूती विभाग अगदी वरच्या मजल्यावर, थेट तापलेल्या गच्चीखाली. विभाग खालच्या मजल्यावर हलवला आणि भरती ठळकपणे कमी झाल्या. ना औषध, ना यंत्र. खाटा खाली आणल्या.

आणि कॅनडात ब्रिटिश कोलंबियामध्ये २०२१ च्या जूनमध्ये लिटन गावात ४९.६ नोंदलं गेलं, तेव्हा तिथल्या मृत्युचौकशी अधिकाऱ्यांनी एकेका मृत्यूचा माग काढला. घर कसं होतं, आत किती गरम होतं, एकटा होता का. ६१९ मृत्यू उष्णतेचे म्हणून नोंदले गेले. त्यातले ९८ टक्के घरात किंवा इमारतीच्या आत. निम्म्याहून जास्त लोक एकटे राहणारे. रस्त्यावर ऊन लागून कोणी फारसं मेलंच नाही.

डॉक्टरताई, तुमच्या कबुलीवर एक सुचवतो. दाखल्याला दुसरा भागही असतो, मृत्यूला हातभार लावणाऱ्या इतर बाबींसाठी. तो बहुतेक वेळा कोरा येतो. तिथे निदान 'उष्णतेची लाट चालू, खोली वरच्या मजल्यावर' एवढं लिहिलं तर टेबलापलीकडच्या माणसाला कळेल.


रात्रपाळी

हे जमेल. नातेवाइकांना विचारायला अर्धा मिनिट लागतो. पहिल्या भागात मी पुराव्याशिवाय लिहिणार नाही, पण दुसरा भाग कोरा सोडायला मला काही कारण नव्हतं. फक्त एवढं की कोणी कधी विचारलंच नव्हतं.


गणिती भुंगा

लिहा, पण वजाबाकी सोडू नका. दाखले कितीही सुधारले तरी तिसऱ्या रात्री थांबलेली सगळी हृदयं त्यात सापडणार नाहीत.


शंकासुर

चार दिवस गप्प होतो कारण प्रयोग करत होतो. डॉक्टरांचा रात्रीचा मुद्दा डोक्यातून जाईना. वडील ८१ वर्षांचे, आमच्या घरी गच्चीखालच्या खोलीत झोपतात, रक्तदाबाची गोळी चालू. साधा तापमापक आणून त्यांच्या उशाशी टांगला आणि तीन रात्री गजर लावून उठलो.

काल रात्रीचे आकडे: ११ वाजता ३५. २ वाजता ३४. पहाटे ५ ला ३३. त्याच वेळी अंगणात २६. पंखा रात्रभर पूर्ण वेगाने. खिडक्या डास येतात म्हणून बंद.

एका घराच्या तीन रात्रींवरून काही सिद्ध होत नाही, हे भुंगा सांगायच्या आधी मीच सांगतो. जाळ्या बसवायला माणूस उद्या येतोय. वडिलांचा पलंग आज खाली आणला. खालच्या खोलीत आता ३० आहे. ते चिडलेत. म्हणतात, तिथे रेडिओ नीट लागत नाही.